आधी कागद, मग विसार

घरखरेदीचे व्यवहार बहुधा एकाच क्रमाने घडतात. रविवारी सकाळी कुटुंब घर पाहून येते. हवा-उजेड, पाण्याची वेळ, शाळेचे अंतर यांची चर्चा दुपारच्या जेवणावर होते. सायंकाळी मध्यस्थाचा दूरध्वनी येतो की आणखी एक ग्राहक तयार आहे, आजच काही रक्कम दिल्यास घर राखून ठेवता येईल. रात्रीपर्यंत पन्नास हजार, लाख, प्रसंगी पाच लाख रुपये दिले जातात. हाती पडते ती वहीच्या पानावर लिहिलेली पावती. पुष्कळदा तीही नसते. मालकाकडे कागदपत्रे मागण्याचा विचार सुचतो तो सोमवारी, आणि ती सर्व हाती येईपर्यंत महिना उलटलेला असतो.

हा क्रम उलटा आहे. विसार देईपर्यंत खरेदीदार हा या व्यवहारातील सर्वांत मोकळा मनुष्य असतो. घर नको म्हणण्यासाठी त्याला कारणही द्यावे लागत नाही. विसार दिला की तोच सर्वांत अधिक बांधला जातो. पुढे कागदांत दोष आढळला, तरी ‘एवढे पैसे अडकले आहेत’ या एका विचाराने तो दोषाकडे काणाडोळा करू लागतो. वकिलाचा प्रतिकूल अभिप्राय त्याला अडथळा वाटतो आणि बँकेची चौकशी ही निव्वळ दिरंगाई वाटू लागते. घरखरेदीत फसलेल्या अनेकांची फसगत खरेदीखताच्या दिवशी झालेली नसते. ती विसाराच्या दिवशीच झालेली असते.

या रकमेला प्रांतोप्रांती वेगळे नाव आहे. महाराष्ट्रात विसार किंवा इसार म्हणतात, इंदूर-दिल्लीकडे बयाना, गुजरातेत बाना, मुंबईच्या दलालांच्या भाषेत टोकन, आणि दक्षिणेत बहुतेक ठिकाणी अ‍ॅडव्हान्स. नावे जणू समानार्थी असल्याप्रमाणे वापरली जातात. कायद्यात मात्र त्यांत भेद आहे. विसार ही करार पाळण्याची हमी म्हणून दिलेली रक्कम होय. खरेदीदाराने कसूर केल्यास ती जप्त करण्याचा अधिकार, करारात तसे स्पष्ट लिहिले असल्यास, विक्रेत्याला मिळतो. आगाऊ रक्कम म्हणजे किमतीचाच एक भाग. ती केवळ व्यवहार मोडला म्हणून जप्त करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालच्या एका निकालात हा भेद स्पष्टपणे मांडला आहे. तेव्हा पावतीवर ‘टोकन’ असा मोघम शब्द लिहून घेणारा खरेदीदार आणि लिहून देणारा विक्रेता, दोघेही पुढच्या वादाची बीजे आपल्याच हाताने पेरत असतात.

विसार दिल्याने, किंवा साठेकरार केल्यानेही, घर खरेदीदाराच्या मालकीचे होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम ५४ मध्ये हे स्वच्छ शब्दांत सांगितले आहे: विक्रीच्या करारामुळे मालमत्तेत कोणताही हितसंबंध आपोआप निर्माण होत नाही. त्याच कायद्याचे कलम ५५ मात्र फारच थोड्या खरेदीदारांना ठाऊक असते. करारात काही वेगळे ठरलेले नसेल तर, खरेदीदाराने मागताच आपल्या ताब्यातील मालकीहक्काचे सर्व दस्त तपासणीसाठी दाखवणे आणि सहज दिसून न येणारा महत्त्वाचा दोष सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. म्हणजे कागद मागणे हा अविश्वास नव्हे. शेजारधर्म, ओळख, ‘आपलाच माणूस आहे’ अशा संकोचापायी जो खरेदीदार कागद मागत नाही, तो कायद्याने दिलेला अधिकार स्वतःहून सोडून देतो.

कागद म्हणजे तरी काय? येथे एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेला दस्त म्हणजे मालकीचा सरकारी दाखला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आपल्या देशात नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. अमुक व्यक्तीने अमुक दिवशी हा दस्त करून दिला, एवढीच ती नोंद सांगते. करून देणाऱ्याला विकण्याचा अधिकार होता की नाही, हे ती सांगत नाही. सातबारा, मालमत्ता पत्रक, महानगरपालिकेची कराची पावती, वीजदेयक यांचेही तसेच. महसुली नोंदीमुळे मालकी निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. म्हणून मालकी ही एका कागदावरून नव्हे, तर दस्तांच्या साखळीवरून पडताळावी लागते. विकासकाकडून पहिल्या ग्राहकाने घेतले तो करारनामा, त्याने दुसऱ्याला विकले तो दस्त, आणि असे करत आजच्या विक्रेत्यापर्यंतची प्रत्येक कडी मूळ स्वरूपात हवी. एखादी कडी हरवली असेल, तर पोलिसांतील तक्रार, वृत्तपत्रातील जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयातील प्रमाणित प्रत यांवरून ती भरून काढता येते. परंतु ते काम विक्रेत्याचे आहे आणि ते विसारापूर्वी व्हावयास हवे.

साखळीतील सर्वांत नाजूक कडी वारसाहक्काची. पती निवर्तल्यानंतर सदनिका पत्नीच्या नावे झाली, गृहनिर्माण संस्थेने भागप्रमाणपत्रावर तिचे नाव लावले, ती आता घर विकत आहे, असा प्रसंग नित्याचा आहे. घर पाहावयास येणाऱ्याला यात काहीच खटकत नाही. परंतु संस्थेने नाव लावले ते बहुधा नामनिर्देशनाच्या आधारे. आणि नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नसते, वारस ठरेपर्यंत मालमत्ता सांभाळणारी व्यक्ती असते. मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाचे प्रथम श्रेणीचे वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई. ही आई हमखास विसरली जाते. सून आणि नातवंडे विक्रीला संमती देतात, आजी गावी असते, तिची स्वाक्षरी कोणी मागत नाही. आणि आजीच्या पश्चात तिच्या हिश्शावर तिच्या इतर मुलामुलींचा हक्क उभा राहतो. व्यवहार होऊन पाच वर्षे झाल्यावर एखाद्या आत्याची वकिलामार्फत नोटीस येते, तेव्हा ती खोटेपणाने आलेली असते असे मुळीच नाही.

वडिलोपार्जित घराबाबत बहिणींचा प्रश्न असाच. हिंदू वारसा कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः सहदायाद मानले, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क वडील त्या तारखेस हयात असण्यावर अवलंबून नाही असे स्पष्ट केले. लग्नात दिले-घेतले, आता तिचा काय संबंध, हे बोलणे घरात चालत असेल. खरेदीदाराने ते ऐकून पैसे देऊ नयेत. वारसांत अज्ञान मूल असल्यास प्रकरण आणखी बिकट होते, कारण अज्ञानाचा हिस्सा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून आईलाही विकता येत नाही. अशा घराचा विसार देणे म्हणजे न्यायालयाच्या तारखांवर स्वतःची बचत टांगून ठेवणे होय. घर चांगले असेल, किंमतही रास्त असेल, तरी परवानगीचा आदेश हाती येईपर्यंत थांबावे, किंवा दुसरे घर पाहावे.

दुसरी कडी बोज्याची, आणि येथे बँकेचा संबंध थेट येतो. विक्रेत्याच्या घरावर गृहकर्ज चालू असेल, तर मूळ दस्त त्याच्याजवळ नसून त्याच्या बँकेत असतात. तो छायाप्रती दाखवतो आणि ‘मूळ कागद लॉकरमध्ये आहेत’ असे सांगतो. हे वाक्य ऐकताच खरेदीदाराने दोन प्रश्न विचारावेत: लॉकर कोणाचे, आणि केव्हा पाहता येतील? कर्ज असणे हा दोष नव्हे. कर्ज लपवणे हा दोष आहे. प्रामाणिक विक्रेता आपल्या बँकेकडून दोन पत्रे आणून देतो: कर्जाची आजची शिल्लक सांगणारे आणि बँकेच्या ताब्यात असलेल्या दस्तांची यादी देणारे. मग खरेदीदाराची बँक तेवढ्या रकमेचा धनादेश थेट विक्रेत्याच्या बँकेच्या नावे काढते, उरलेली रक्कम विक्रेत्याला मिळते आणि दस्त एका बँकेतून दुसऱ्या बँकेकडे जातात. या पद्धतीत खरेदीदाराचा एकही रुपया मधल्यामध्ये अडकत नाही. ‘आधी तुम्ही पैसे द्या, मी कर्ज फेडतो, मग कागद आणून देतो’ हा प्रस्ताव मात्र कितीही सज्जन दिसणाऱ्या गृहस्थाकडून आला तरी स्वीकारू नये. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ दस्त तीस दिवसांत परत करावेत, आणि बँकेमुळे विलंब झाल्यास प्रतिदिन ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. विक्रेत्यांनी तो लक्षात ठेवावा.

विक्रेता सांगत नसेल तर बोजा शोधावा कसा? तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही २०११ पासून अस्तित्वात आहे. ‘सरसाई’ या नावाने ती ओळखली जाते, आणि शुल्क भरून कोणाही नागरिकाला तिच्यात शोध घेता येतो. महाराष्ट्रात दस्त ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना निबंधकाकडे देणे २०१३ पासून बंधनकारक आहे, म्हणून सूची क्रमांक दोनच्या शोधातही ती दिसू शकते. कर्नाटक, तामिळनाडू, आंध्र, तेलंगण या राज्यांत बोजा प्रमाणपत्र मिळते. बंगळूर-हैदराबादला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ते ‘ईसी’ या नावाने परिचित आहे. उपयुक्तच कागद आहे तो, पण त्याचीही मर्यादा जाणावी. त्यात नोंदणीकृत व्यवहार तेवढेच येतात. न नोंदलेला साठेकरार, तोंडी वाटणी, न्यायालयातील दावा, वगळलेला वारस यांपैकी काहीही त्यात दिसणार नाही. ‘ईसी कोरी आहे’ एवढ्यावर समाधान मानणे बरे नव्हे.

परप्रांतात घर घेणाऱ्या मराठी माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आपल्याकडची वहिवाट सर्वत्र गृहीत धरू नये. महाराष्ट्रात सदनिकेच्या साठेकरारावरच बहुधा पूर्ण मुद्रांक शुल्क भरून तो नोंदवला जातो. इतर अनेक राज्यांत साठेकरार कमी मुद्रांकावर होतो, पुष्कळदा नोंदवलाच जात नाही, आणि पूर्ण शुल्क खरेदीखताच्या वेळी भरले जाते. पुण्यात ‘अ‍ॅग्रीमेंट झाले’ म्हणजे जेवढे निर्धास्त होता येते, तेवढे बंगळुरात होता येत नाही. दिल्लीच्या काही भागांत वर्षानुवर्षे कुलमुखत्यारपत्रावर घरे विकली गेली. अशा मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ‘सूरज लॅम्प’ प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले, तरी ते व्यवहार आजही स्वस्त घराच्या मिषाने समोर येतात. गोव्यात तर विवाहितांच्या मालमत्तेचा कायदाच निराळा. तेथे पती-पत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक मानली जाते, आणि दस्त एकट्याच्या नावे असला तरी विक्रीला दोघांची संमती लागते. मालक वारला असल्यास वारसांची इन्व्हेंटरी झाली आहे का, हे पाहावे लागते. गोव्यात सुटीचे घर घेऊ पाहणाऱ्या पुणे-मुंबईकरांनी स्थानिक वकिलाच्या शुल्कात काटकसर करू नये. जाहीर नोटीससुद्धा घर ज्या गावी आहे तेथील भाषेच्या वृत्तपत्रात यावी. बेळगाव-बंगळुरातील घराची नोटीस केवळ मराठी दैनिकात छापून तिचा हेतू साधत नाही. (या नोटिसांची पाने आपण सारेच न वाचता उलटतो. आपल्या इमारतीचे नाव त्यात असू शकते, एवढ्यासाठी तरी नजर टाकावी.)

आता विसाराच्या रकमेविषयी. विकासकाकडून नव्या प्रकल्पात घर घेताना कायद्याने मर्यादा घातली आहे: २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्यावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. प्रकल्पाची नोंदणी, मंजूर नकाशे, न्यायालयीन वाद यांची माहिती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर घरबसल्या मिळते, म्हणून नव्या घराबाबत येथे अधिक विस्तार नको. पुनर्विक्रीच्या घराला असे कोणतेही कुंपण नाही. तेथे खरेदीदाराने स्वतःच कुंपण घालावे. कागद पूर्ण पाहण्यापूर्वी शून्य; विक्रेत्याचा फारच आग्रह असल्यास, आणि मुख्य कागद पाहिल्यानंतर, किमतीच्या एक टक्क्याच्या आत. त्या पावतीवर मालमत्तेचे पूर्ण वर्णन, ठरलेली किंमत, धनादेशाचा क्रमांक, पाहिलेल्या दस्तांची यादी, राहिलेले दस्त देण्याची मुदत आणि रक्कम परत करण्याच्या अटी असाव्यात. मालकीत दोष निघाल्यास, किंवा मालमत्तेतील उणिवेमुळे बँकेने कर्ज नाकारल्यास, पूर्ण रक्कम ठरावीक दिवसांत परत, हे वाक्य त्यात असलेच पाहिजे. खरेदीदाराच्या उत्पन्नामुळे कर्ज नाकारले गेले, तर मात्र विक्रेत्याने काही रक्कम राखून ठेवणे अन्यायाचे नाही. त्यासाठीच घर शोधावयास निघण्यापूर्वी आपली कर्जपात्रता बँकेत तपासून घ्यावी. तत्त्वतः मंजुरीचे पत्र आपल्या उत्पन्नाविषयी बोलते, घराविषयी नाही, हा फरक विसरू नये.

विसार रोखीने देण्याची प्रथा तर बंदच व्हावयास हवी. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक आगाऊ रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१५ पासून मनाई आहे आणि तेवढ्याच रकमेचा दंड स्वीकारणाऱ्यावर, म्हणजे विक्रेत्यावर, होऊ शकतो. तरीही किमतीचा काही भाग ‘कागदाबाहेर’ ठेवण्याचा आग्रह धरला जातो. त्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. ८० लाखांचे घर करारात ६५ लाखांना दाखवले आणि १५ लाख रोख ठरले. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते. ६५ लाखांवर ते ५२ लाख होते; पूर्ण किंमत लिहिली असती तर ६४ लाख झाले असते. म्हणजे खरेदीदाराला पदरचे १६ लाख पुरले असते, तेथे आता २८ लाख उभे करावे लागतात. पुढे तो घर विकील तेव्हा त्याची खरेदी ६५ लाखांचीच धरली जाईल आणि न लिहिलेल्या १५ लाखांवर त्याला भांडवली नफ्याचा कर भरावा लागेल. सध्याच्या साडेबारा टक्के दराने अधिभाराआधीच तो १,८७,५०० रुपये होतो. आणि व्यवहार मोडला, तर त्या १५ लाखांचे अस्तित्व सिद्ध करणारा एकही कागद त्याच्याजवळ नसेल. मुद्रांक शुल्कात वाचलेली रक्कम या जोखमीपुढे किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. पन्नास लाख वा त्याहून अधिक किमतीच्या घरावर एक टक्का प्राप्तिकर खरेदीदारानेच कापून भरावयाचा असतो, आणि विक्रेता अनिवासी भारतीय असल्यास कपातीचा दर पुष्कळच अधिक असतो, हेही विसाराच्या आधीच बोलून घ्यावे. अखेरच्या दिवशी निबंधक कार्यालयाच्या जिन्यावर यावरून झालेली भांडणे कमी नाहीत.

विक्रेत्यांची बाजूही समजून घ्यावयास हवी. त्यांची तक्रार असते की ग्राहक येतात, कागदांच्या छायाप्रती मागतात, आणि महिनाभर हिंडवून नाहीसे होतात. विसारावाचून खरा ग्राहक कोण हे ओळखावे कसे? तक्रार खोटी नाही. घर महिनाभर राखून ठेवणे हे विक्रेत्याचे नुकसानच आहे. त्यावर उपाय मात्र त्याच्याच हातात आहे. घर विकावयास काढण्यापूर्वी त्याने स्वतःच आपली धारिका तयार करावी: दस्तांची साखळी, भागप्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा संस्थेचा दाखला, कराच्या पावत्या, कर्ज असल्यास बँकेची पत्रे, वारसांची संमती, आणि शक्य असेल तर स्वतःच्या खर्चाने काढलेला तीस वर्षांचा शोध अहवाल. या तयारीला काही हजार रुपये आणि दोन-तीन आठवडे लागतात. पण जेथे धारिका तयार असते, तेथे ग्राहकाचा वकील चार दिवसांत मत देऊ शकतो, आणि किमतीत घासाघीस करण्याची ग्राहकाची मोठी सबबच नाहीशी होते. नागपूरचे घर विकणाऱ्या बंगळूरच्या नोकरदाराने मुखत्यारपत्र नेमके कसे करावे तेही आधी विचारावे. मुखत्याराने दस्त नोंदणीसाठी सादर करावयाचा असेल, तर भारतात राहणाऱ्या मालकाने ते मुखत्यारपत्र आपण राहतो त्या भागातील निबंधकासमोर अधिप्रमाणित करून घ्यावे लागते. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावयाचे असते. या तांत्रिक चुकांपायी ऐनवेळी परत गेलेले ग्राहक विक्रेत्याला महाग पडतात.

मध्यस्थांविषयी समाजात कुत्सितपणे बोलण्याची रीत आहे. ती अन्यायाची आहे. अनोळखी शहरात बदली होऊन आलेल्या कुटुंबाला चांगला मध्यस्थ जे मिळवून देतो, ते कोणत्याही जाहिरातीत मिळत नाही. दोष आहे तो त्याला मिळणाऱ्या मोबदल्याच्या वेळेत. विसार झाला की अर्धी दलाली, करार झाला की उरलेली, अशी वहिवाट असेल तर मध्यस्थाला विसाराची घाई होणारच. त्यात त्याचा स्वभाव शोधण्याचे कारण नाही. दलाली नोंदणीच्या दिवशी द्यावयाची, आणि मालकीच्या दोषामुळे व्यवहार मोडल्यास द्यावयाची नाही, असे दोन ओळींत लिहून घेतले, की हाच मध्यस्थ विक्रेत्याकडे कागदांचा तगादा लावू लागतो. रेरा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या मध्यस्थांना नोंदणी सक्तीची केली आहे, आणि महाराष्ट्रात २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आली. जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीला ही शिस्त लागू नाही. चांगल्या मध्यस्थांनी ती आपणहून लावून घ्यावी. आधी धारिका पाहीन, मगच ग्राहक नेईन, एवढा एक नेम त्याने केला तर त्याची दारे पाहण्याची पायपीट निम्म्याने कमी होईल.

राहता राहिला बँकेचा प्रश्न. ‘बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे घर निर्वेध आहे’ हे वाक्य शाखांतून नेहमी ऐकू येते. बँकेचा वकील शोध घेतो, मूल्यांकनकार किंमत काढतो, हे खरे. परंतु ती तपासणी बँक आपल्या कर्जाच्या सुरक्षिततेसाठी करते. वीस टक्के रक्कम आणि आयुष्याची उरलेली वर्षे ज्याने या घरात घातली, त्याचा धोका बँकेच्या धोक्याहून वेगळा असतो. शिवाय क्रम पाहावा: बँकेचा अहवाल येतो तोवर विसार कधीच देऊन झालेला असतो. म्हणून मोठी रक्कम गुंतवणाऱ्याने स्वतःचा स्वतंत्र वकील नेमावा, हेच उचित.

येथे बँकांनाही एक गोष्ट सुचवावीशी वाटते. शोध अहवालाचे आणि मूल्यांकनाचे शुल्क पुष्कळदा ग्राहकच भरतो, तरी ते अंतर्गत दस्तऐवज आहेत या कारणाने त्यांची प्रत त्याला सहसा मिळत नाही. बँकेवर जबाबदारी येऊ नये हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे, पण अहवाल माहितीसाठी आहे, हमी नव्हे, अशी एक ओळ छापून हा हेतू साधता येईल. ज्याचे घर आहे त्याच्यापासून घरातील दोष लपवून ठेवण्याचे कारण उरत नाही. वकिलाने लिहिलेल्या ‘अमुक दस्त मिळवावा’, ‘अमुक वारसाची संमती घ्यावी’ अशा अटी ग्राहकाला वेळीच कळल्या, तर त्या विक्रेत्याकडून पुऱ्या करून घेण्याचे बळ त्याच्याजवळ असते. रक्कम विक्रेत्याच्या खात्यात गेल्यानंतर ते राहत नाही. तोवर गृहकर्जाच्या अर्जासोबतच ग्राहकांनी शाखेकडे दोन्ही अहवालांच्या प्रतींची लेखी मागणी करावी. प्रत देता येत नाही असे उत्तर आले, तर निदान वकिलाने घातलेल्या अटींची यादी तरी मागावी, आणि ती हाती येईपर्यंत विक्रेत्याला पुढचा हप्ता देऊ नये.